नव्या गाण्याची शिफारस

बी-बियाणे घ्यायची वेळ आली म्हणजे आपण काय करतो? दुकानात रंगीत पिशव्या मांडलेल्या असतात, भिंतीवर जाहिराती चिकटवलेल्या असतात. त्या आपण वाचतो, नाही असे नाही. पण शेवटी विचारतो कोणाला? गेल्या साली ज्याने ते बी पेरले, त्याला. त्याच्या बांधावर जाऊन पीक पाहतो, उगवण कशी झाली, रोग पडला का, पाणी किती लागले, अशी चौकशी करतो आणि मगच पैसे मोजतो. त्या शेतकऱ्याला कंपनीकडून काही मिळालेले नसते, म्हणून त्याच्या शब्दाला किंमत असते.

गाण्याच्या बाबतीत मात्र आपण एवढी चौकशी करीत नाही. जे कानावर पडेल ते ऐकतो. लग्नाच्या मांडवात तीच गाणी, एस.टी. स्टँडवर तीच, हातातल्या फोनवरही तीच. त्याच वेळी जगात, आणि आपल्या देशातही, रोज हजारो नवी गाणी निघत असतात. त्यांतली पुष्कळशी सामान्य असतात, पण काही फार चांगली असतात. ती आपल्यापर्यंत येतात कशी आणि येत नाहीत ती का, हे आज आपल्याला सांगायचे आहे. त्यासाठी थोडा वेळ इंग्लंडात जाऊ या. कारण तिकडे १९७६ पासून पुढची पंधरा वर्षे काही तरुण मंडळींनी मोठ्या कंपन्यांना बाजूला ठेवून गाणी काढण्याचा आणि ती गावोगाव पोचवण्याचा जो उद्योग केला, तो आपल्यालाही काही शिकवून जाणारा आहे.

आधी एका शब्दाचा उलगडा करू. 'इंडी' हा शब्द शाळेतल्या मुलांच्या तोंडी आपण ऐकत असाल. 'इंडिपेंडंट' म्हणजे स्वतंत्र, त्याचे हे लाडके रूप. पुष्कळांना वाटते की हा गाण्याचा एक प्रकार आहे, जशी आपल्याकडे लावणी किंवा भारूड. मुळात तसे नव्हते. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून स्वतंत्र रेकॉर्डांच्या खपाची वेगळी यादी छापली जाऊ लागली. तिच्यात कोणती रेकॉर्ड घ्यायची? गाणे मवाळ की कर्कश, हे तिथे पाहत नसत. ती रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या गाडीतून दुकानात आली की स्वतंत्र वाटेने आली, एवढेच पाहत. म्हणजे इंडी हे मूळ वाटेचे नाव, चालीचे नव्हे. पुढे त्या वाटेने येणाऱ्या गाण्यांनाच ते नाव चिकटले. 'आल्टर्नेटिव्ह', म्हणजे पर्यायी, हा शब्दही असाच, हमरस्ता सोडून निघालेल्या संगीतासाठी रूढ झाला.

ही वाट पाडली कोणी? एकाचे नाव घेणे बरोबर होणार नाही, पण मँचेस्टर शहरातल्या बझकॉक्स नावाच्या चौघा तरुणांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. डिसेंबर १९७६ मध्ये त्यांनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, एका स्टुडिओत जाऊन चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांची एक लहान तबकडी स्वतःच काढली. तिचे नाव 'स्पायरल स्क्रॅच'. प्रती काढल्या १,०००. तेवढ्या जरी खपल्या तरी उसनवारी फिटेल, एवढाच हिशेब. गंमत अशी की, कोणते गाणे कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झाले, हेही त्यांनी वेष्टनावर छापून टाकले. झाकून ठेवण्यासारखे यात काही नाही, तुम्हीही करू शकाल, असेच जणू ते सांगत होते. त्या तबकडीच्या पुढे १६,००० प्रती गेल्या. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ती पाहून गावोगावच्या पोरांना वाटले, हे तर आपल्यालाही जमेल. आणि खरोखरच शेकडोंनी तसे केले.

आता पाहा, रेकॉर्ड काढणे एक वेळ सोपे, ती लोकांच्या हातात पडणे कठीण. आपल्याकडे टोमॅटो पिकवणे आणि टोमॅटोला गिऱ्हाईक मिळणे यात जेवढे अंतर आहे, तेवढेच समजा. हे अंतर भरून काढायला एक दुकान उपयोगी पडले. लंडनच्या पश्चिम भागात १९७६ साली जेफ ट्रॅव्हिस यांनी 'रफ ट्रेड' नावाचे रेकॉर्डांचे दुकान उघडले. तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना सारखाच पगार. रेकॉर्ड काढणारी पोरे पिशवीत पन्नास-शंभर प्रती घालून थेट दुकानात येत. रेकॉर्ड लावून ऐकली जाई, आवडली तर ठेवून घेतली जाई. गिऱ्हाईक आले की गल्ल्यावरचा माणूस म्हणे, "तुम्हाला ते आवडले ना, मग हेही ऐकून पाहा." शिफारस म्हणतात ती हीच.

पुढे या दुकानाने आणि यॉर्क, लिव्हरपूल, ब्रिस्टल, नॉरिच, एडिंबरा वगैरे ठिकाणच्या तशाच मंडळींनी मिळून एक वितरणाची साखळी उभी केली. तिला 'कार्टेल' म्हणत. आपल्या सहकारी दूध संघासारखीच व्यवस्था म्हणा ना. ज्याने त्याने आपल्या भागातल्या रेकॉर्डी गोळा करायच्या, इतरांना पाठवायच्या, इतरांच्या आपल्या भागात पोचवायच्या. १९७८ साली रफ ट्रेडने स्वतः रेकॉर्डी काढायलाही सुरुवात केली. खर्च वजा जाता राहील तो नफा कंपनी आणि कलावंत यांनी निम्मा निम्मा वाटून घ्यावा, अशी रीत ठेवली. त्यांनी काढलेला पहिला अल्बम म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या 'स्टिफ लिटल फिंगर्स' या वाद्यवृंदाचा. अल्बम म्हणजे काय, तर एका मोठ्या तबकडीच्या दोन बाजूंवर मावतील अशा दहा-बारा गाण्यांचा संच. फेब्रुवारी १९७९ मध्ये निघालेला हा संच सगळ्या ब्रिटनच्या खपाच्या यादीत १४व्या क्रमांकावर गेला. मोठ्या कंपनीच्या मदतीवाचून!

दुकान शहरात असते. खेड्यातल्या मुलाने काय करायचे? इथे आपल्या जिव्हाळ्याची वस्तू येते, ती म्हणजे रेडिओ.

नवे गाणे घरोघर पोचवण्याची रेडिओची ताकद आपल्याला नवी नाही. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून गदिमांचे आणि सुधीर फडक्यांचे गीतरामायण आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. एकूण ५६ गीते. ही गीते आधी कोणी ऐकलेली नव्हती, तरी घरोघर लोक रेडिओपाशी बसू लागले. याचे कारण, काय ऐकवायचे ते कोणीतरी विचारपूर्वक ठरवले होते आणि ऐकणाऱ्यांचा त्यावर विश्वास होता.

ब्रिटनमध्ये नव्या, अनोळखी गाण्यांसाठी असा विश्वास एका माणसाने मिळवला. त्याचे नाव जॉन पील. जन्म १९३९, लिव्हरपूलजवळचा. वडील कापसाचे व्यापारी. लिव्हरपूल हे कापसाचे मोठे बंदर, आपल्या वऱ्हाडातला कापूससुद्धा एके काळी तिकडे जात असे. मुलाने कापसाचा धंदा शिकावा म्हणून वडिलांनी १९६० साली त्याला अमेरिकेत टेक्ससला पाठवले. मुलगा कापूस शिकण्याऐवजी तिथल्या रेडिओ केंद्रांवर रमला! १९६७ साली तो परत आला, त्याच वर्षी सुरू झालेल्या बी.बी.सी.च्या 'रेडिओ वन'वर रुजू झाला आणि २००४ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सदतीस वर्षे, तिथेच नव्या रेकॉर्डी लावीत राहिला. राहायचा मात्र लंडनबाहेर, सफोक परगण्यातल्या एका खेड्यात.

त्याचा कार्यक्रम बहुतेक वर्षे रात्री उशिरा असे. पोस्टाने रोज रेकॉर्डी नि कॅसेटी येत. त्या तो ऐके, जे मनाला भिडेल ते लावी. एका कार्यक्रमात कर्कश गिटारी असत, जमैकाचे रेगे असे, झिंबाब्वेतल्या 'भुंडू बॉईज'चे नाचरे गाणे असे. हे आजच्या घटकेला खपते की नाही, ही चौकशी त्याने केली नाही. बी.बी.सी.वर जाहिराती नसल्यामुळे तसे करण्याची सोयही त्याला होती, हे खरे.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या काळी बी.बी.सी.ला दिवसातून ठराविक तासच रेकॉर्डी लावता येत. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी तसा करार होता. उरलेला वेळ भरायचा कसा? तर वादकांना स्टुडिओत बोलावून. हे बंधन पीलच्या पथ्यावर पडले. अगदी नवख्या वाद्यवृंदांना तो बोलावी, एका दिवसात साधारण चार गाणी ध्वनिमुद्रित होत आणि मग ती प्रसारित होत. ज्यांच्याजवळ रेकॉर्ड काढायलाही पैसे नाहीत, अशांची गाणी त्यामुळे देशभर ऐकली गेली. अशी चार हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे त्याच्या कार्यक्रमासाठी झाली.

एक प्रसंग सांगतो. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावच्या पाच मुलांनी, 'अंडरटोन्स' हे त्यांचे नाव, १९७८ साली एक तबकडी केली. गाव त्या वेळी दंगली आणि बंदुका यांनी होरपळलेले. बेलफास्टमधल्या एका छोट्या रेकॉर्ड-दुकानदाराने ती काढली. लंडनच्या मोठ्या कंपन्यांनी तिला दाद दिली नव्हती. ती पीलच्या हाती आली. त्याने कार्यक्रमात 'टीनेज किक्स' हे त्यातले गाणे लावले, आणि ते संपताच लगेच पुन्हा एकदा लावले. काही दिवसांतच त्या मुलांना एका अमेरिकन कंपनीचे बोलावणे आले. पीलला ते गाणे जन्मभर सर्वांत प्रिय राहिले. त्याच्या अंत्यविधीच्या वेळीही तेच वाजवले गेले.

श्रोतेहो, या माणसाने काय केले? पेटी वाजवली नाही, गाणे लिहिले नाही. त्याने ऐकले आणि प्रामाणिकपणे सांगितले. एवढ्याने कोणाच्या आयुष्याची दिशा बदलते.

शिफारशीला वय नसते, हेही एका अल्बमवरून दिसून येते. लंडनमध्ये १९७७ साली 'रेनकोट्स' नावाचा वाद्यवृंद निघाला. १९७९ साली त्यातल्या चौघी बायकांनी रफ ट्रेडकडून आपला पहिला अल्बम काढला. ऐकायला बसलात तर आधी चमकाल. व्हायोलिन गोड वाजत नाही, खरवडल्यासारखे वाजते. आवाज एकमेकींत मिसळतात, पण कवायतीसारखे एका पावलात चालत नाहीत. जात्यावर दोघी बसल्या की एकीचा सूर दुसरीच्या सुरावर चढतो नि मागे राहतो, तसे काहीसे वाटते. त्या गाण्यात घरगुती, खरेखुरे काही आहे. थोड्या लोकांना तो फार आवडला आणि पुढे मिळेनासा झाला. मग १९९२ साली अमेरिकेतला त्या वेळचा अतिशय गाजलेला गायक कर्ट कोबेन लंडनला रफ ट्रेडच्या दुकानात त्याची प्रत शोधीत आला. प्रत नव्हती. पण दुकानातल्या माणसांनी सांगितले, त्या चौघींपैकी एक, आना द सिल्व्हा, जवळच्याच जुन्या वस्तूंच्या दुकानात असते. तो तिथे गेला, तिला भेटला. १९९३ साली तो अल्बम पुन्हा निघाला आणि कोबेनने त्यासाठी टिपण लिहून दिले. चौदा वर्षांनी एका ऐकणाऱ्याच्या शब्दावर तो लोकांच्या हातात परत आला.

या सगळ्याचा शेवट गोड झाला असे मात्र समजू नका. कार्टेलमधली यॉर्कची पेढी १९८८ साली बुडाली. १९९१ साली रफ ट्रेडची वितरण संस्थाही कोसळली आणि कितीतरी लहान कंपन्यांचे पैसे तिच्यात अडकले. कारभार वाढला नि हिशेब मागे पडला. आपल्याकडे सहकारी सोसायट्यांचे असे झालेले आपण पाहिले आहे. दुकान तेवढे टिकले, कारण ते १९८२ सालीच तिथल्या कामगारांनी स्वतःकडे घेतले होते.

मग आज काय स्थिती आहे? आज गाणे काढायला ५०० पौंड लागत नाहीत, एक फोन पुरतो. गाणी जगभर पोचवायला मोटार लागत नाही. मग अडचण कुठे आहे? अडचण निवडीची आहे. फोनवरचे यंत्र आपण काल काय ऐकले ते पाहते आणि तसलेच आज पुढे करते. त्याला आपली सवय कळते. पण सवयीबाहेरचे, "हेही ऐकून पाहा" असे हिमतीने सांगणे त्याच्याकडून क्वचितच होते. आणि पैशांचे काय? स्पॉटिफाय ही गाणी ऐकवणारी फार मोठी कंपनी. तिचा २०२४ पासूनचा नियम असा की, जे गाणे मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकले गेले नाही, त्याचा मोबदला द्यायचा नाही. आठवते ना, बझकॉक्सने १,००० प्रती काढल्या आणि एक नवी वाट पडली. त्या १,०००च्या आत आज मोबदलाच नाही!

दुसरी वाटही आहे. २००८ साली अमेरिकेत 'बँडकँप' नावाची सोय सुरू झाली. तिथे कलावंत आपला अल्बम स्वतः ठेवतो, किंमत स्वतः ठरवतो. फोनवर उतरवून घेण्याच्या गाण्यांवर ती साधारण १५ टक्के अडत घेते, बाकीचे पैसे बहुतांशी कलावंताला जातात. पण तीही २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा विकली गेली आणि तिथल्या जवळजवळ निम्म्या नोकरांना घरी बसावे लागले. म्हणून कोणत्याही एका दुकानावर सगळा भार टाकून चालत नाही. ऐकणारे जागे असावे लागतात. मार्च २०१० मध्ये बी.बी.सी.ने 'सिक्स म्युझिक' हे नव्या आणि वेगळ्या संगीताचे केंद्र बंद करण्याचे जाहीर केले होते. श्रोत्यांनी एवढी पत्रे पाठवली, एवढी ओरड केली की त्याच वर्षी तो बेत रद्द झाला. ते केंद्र आजही चालू आहे.

आता आपण काय करायचे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, यंत्राऐवजी माणूस शोधा. रेडिओवरचा निवेदक असो, वर्तमानपत्रात लिहिणारा असो, तालुक्याच्या गावी शिकायला गेलेला आपलाच भाचा असो. त्याने सांगितलेली पाच गाणी ऐका. दोन जरी पटली तरी तो माणूस धरून ठेवा.

दुसरी गोष्ट, अल्बम आवडला की त्यावरची बारीक अक्षरे वाचा. ध्वनिमुद्रण कोणी केले, कंपनी कोणती, ढोलकी कोणाची? त्या नावांच्या मागे गेलात की पुढची वाट आपोआप सापडते.

तिसरी गोष्ट, अनोळखी संगीताला तीन वेळा संधी द्या. पहिल्यांदा नुसता आवाज वाटेल, दुसऱ्यांदा चाल कळेल, तिसऱ्यांदा आवडले की नाही ते ठरेल. तरीही नाही आवडले तर खुशाल सोडून द्या, त्यात कमीपणा नाही.

चौथी गोष्ट, जे मनापासून आवडले त्यातले वर्षातून एक तरी विकत घ्या. कलावंतालाही पोट आहे.

आणि आता दुसऱ्याला सांगायची वेळ येईल तेव्हा "भारी आहे, ऐक" एवढ्यावर थांबू नका. कोणते गाणे आधी ऐकावे ते सांगा, कोणाला आवडेल ते सांगा, उणीव असेल तर तीही सांगा. गाणारा आपला मित्र किंवा नातलग असेल तर तेही आधीच सांगून टाका. बियाण्याच्या बाबतीत आपण जेवढे खरे बोलतो, तेवढेच इथे बोलायचे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे काढा. एका मुलाने किंवा मुलीने एक गाणे आणावे, मात्र ते वर्गात इतर कोणी ऐकलेले नसावे, एवढीच अट. गायकाचे नाव आधी सांगायचे नाही. सर्वांनी शांतपणे ऐकायचे, मग काय ऐकू आले ते सांगायचे: कोणते वाद्य, लय कशी, आवाज कसा. आवडले का, हे शेवटी विचारायचे आणि 'का' हेही विचारायचे. मुले परदेशी गाणे आणतील, आणू द्या. कोणी आजीची ओवी फोनवर ध्वनिमुद्रित करून आणील, तेही चांगलेच. ती ओवीसुद्धा कोणत्या कंपनीने काढलेली नाही! वर्षाच्या शेवटी मुलांकडून मते घेऊन गाण्यांची यादी करा. पील १९७६ पासून हेच करीत असे, श्रोत्यांच्या मतांनी पन्नास गाण्यांची यादी नाताळच्या सुमारास वाचून दाखवीत असे. आपल्या वर्गाची यादी दहाची झाली तरी पुष्कळ.

यातून सगळी मुले गवई होतील असे नाही. पण स्वतःच्या कानाने ऐकणे आणि जे ऐकले त्याविषयी खरे बोलणे, या दोन सवयी त्यांना लागतील. आणि कोणा डेरी गावच्या, किंवा आपल्याच तालुक्यातल्या पोराने घरी बसून केलेले गाणे, ऐकणाऱ्याअभावी हरवून जायचे टळेल.